वांग्याच्या पुस्तकातली विनीत मंडळी

माझ्या नावावर एक पुस्तक आहे. पानं सोळा. त्यात एका वांग्याची गोष्ट आहे आणि दोनशे चौदा माणसांची नावं आहेत. वांगं सहा पानांत आटोपतं. माणसांना नऊ लागली. उरलेलं एक शीर्षकाचं. हा हिशोब पाहून बाहेरगावचा माणूस बुचकळ्यात पडेल, पण आमच्या आंजीत तो आजवर कोणाला खटकलेला नाही. खटकलं ते एवढंच, की अमक्याचं नाव तमक्याच्या खाली का.

पुस्तक काढायचं मी ठरवलं नव्हतं. ते आचलनं ठरवलं. आचल म्हणजे माझ्या मुलाची, स्वप्निलची, मुलगी. वय सात, मुक्काम पुणे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आमच्याकडे येते आणि दहा जूनला परत जाते. संध्याकाळी ओट्यावर पाणी मारायचं, कूलरचं तोंड दाराकडे फिरवायचं, आणि तिला बाजारात जायला तयार नसलेल्या वांग्याची गोष्ट सांगायची, असा आमचा नेम होता. वांगी लांबून आणावी लागत नव्हती. माझा धाकटा भाऊ खुशाल घरच्या वावरात वांगीच लावतो. गोष्ट अर्धी सांगायची, अर्धी गायची. माझी आई निंदणाला जायची तेव्हा बायांच्या रांगेत गाणी जुळवत जायची. हाताखालून तण निघायचं आणि तोंडातून ओळ. तिचं खुरपं खुशालकडे गेलं, चाल माझ्याकडे आली. माझं वांगं पानाआड लपून म्हणायचं:

जांभळी माही पैरन, हिरवा माहा टोप,
बाजारात गेलो तं लागन कशी झोप?

एके दिवशी आचल उठून बसली. "आबा, काल वांगं रडलं होतं. आज रागावलंय. खरं काय?"

मी तिला समजावलं, की गाणं असं रोज थोडं वेगळंच उगवतं, एकाच झाडाची दोन पानं कुठे सारखी असतात. तिला ते पटलं नाही. तिचं म्हणणं, गोष्ट एकदा काय ती छापून टाकावी, म्हणजे मला ती बदलता येणार नाही. शिवाय तिच्या वर्गातल्या कुठल्याशा मुलीच्या पुस्तकात पहिल्या पानावर त्या मुलीचं एकटीचं नाव होतं. बाकी अख्खं पान कोरं.

"तसं माझं पाहिजे," ती म्हणाली. "मी जायच्या आधी."

मी हो म्हटलं. मला त्यात अवघड काही दिसलं नाही. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. वर्ध्याच्या स्थानकावर एकतीस वर्षं गाड्या पुकारल्या. पाचशे माणसांना त्यांची गाडी कुठे लागली आहे हे जो सांगू शकतो, त्याला एका मुलीला एक गोष्ट छापून देता येऊ नये? शिवाय, लपवत कशाला, एकतीस वर्षं जिल्ह्यानं माझा आवाज ऐकला, तोंड कोणी पाहिलं नाही. पुस्तकाच्या पाठीमागे लेखकाचा फोटो असतो, हे मला माहीत होतं.

प्रथम मी रीतसर मार्गानं गेलो. पुण्याच्या एका प्रकाशकांना गोष्ट पाठवली. आठ दिवसांत उत्तर आलं, म्हणजे माणसं कामसू होती. संहिता गोड आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. तथापि आजच्या मुलांना वांगं आवडत नसल्यामुळे त्या जागी स्ट्रॉबेरी घेता येईल का, आणि गोष्टीतून मुलांनी नेमकं काय शिकायचं, हे कळवावं. मी दोन दिवस स्ट्रॉबेरीला नऊवारी नेसवावी तसं त्या चालीत बसवून पाहत होतो. ती बसेना. खुशालला विचारलं तर तो म्हणाला, तिले बाजारात नेतो म्हटलं तं ती पहिलेच पाटीत जाऊन बसन, ते रुसणारं पीक नाही.

शेजारच्या सुलोचनाबाईंनी शाळेत तीस वर्षं दुसरीचा वर्ग घेतला आहे. त्यांनी गोष्ट ऐकून घेतली आणि तात्पर्य कुठे आहे ते विचारलं. मी म्हटलं, वाटेत पडलं असेल. त्यांनी सुचवलं, की वांग्यानं बाजारात जाण्याआधी हात धुवावेत. वांग्याला हात नसतात, हे मी नम्रपणे निदर्शनास आणलं. त्यावर त्या म्हणाल्या, की वांग्याला बोलता येतं तर हात यायला काय हरकत आहे.

तेव्हा पुस्तक आपणच काढायचं ठरलं. त्यासाठी सरकारी क्रमांक लागतो, असं कळलं. तो ऑनलाइन केंद्रात बसून मागवायचा असतो. तिथल्या मुलीनं फॉर्म भरता भरता विचारलं, पुस्तक कशावर आहे? मी म्हटलं, वांग्यावर. तिनं यादीतून ‘शेती’ निवडलं आणि पुढे गेली. मी ते पाहिलं. पण मागे अकरा माणसं सातबाऱ्यासाठी उभी होती आणि मी लायनीत उभ्या माणसांची घालमेल आयुष्यभर काचेतून पाहिलेली आहे. मी गप्प राहिलो. या गप्प राहण्याचं पुढे काय झालं ते सांगतोच.

आता छपाई. वर्ध्याला धनंजय नावाचा मुलगा छापखाना चालवतो. मुलगा म्हणजे चाळिशीचा, पण त्याच्या बापानं आमच्या लग्नाची पत्रिका छापली होती, म्हणून मुलगा. मे महिना म्हणजे त्याचा लग्नाच्या पत्रिकांचा हंगाम. डोळे तारवटलेले, टेबलावर नवरदेव-नवरीच्या नावांचा ढीग. त्यानं माझी वही घेतली, पहिलं पान उलटलं, आणि सवयीनं विचारलं, "विनीत कोण आहेत, काकाजी?"

मी म्हटलं, विनीत कोणी नाही, पुस्तक आहे. पहिल्या पानावर फक्त ‘आचलसाठी’ एवढंच. बाकी पान कोरं.

त्यानं माझ्याकडे काळजीनं पाहिलं. "कोरं कसं ठेवता जी? लोक म्हणतीन छापायचं राहून गेलं."

मी घरी येऊन ही गोष्ट हसत हसत सांगितली. शोभाबाई, म्हणजे माझी पत्नी, हसली नाही. ती आमच्या घरातल्या सात लग्नांच्या पत्रिकांची कर्तीधर्ती आहे, आणि पत्रिकेत नाव राहिल्यामुळे कोण किती वर्षं बोलत नव्हतं, हे तिला तोंडपाठ आहे. तिचं म्हणणं सरळ होतं. आचलचं एकटीचं नाव टाकलं तर रुचिकानं, म्हणजे आमच्या मुलीच्या मुलीनं, काय पाप केलं? मी म्हटलं, बरं, दोघींची टाकू. दोघींची टाकली तर खुशालच्या नातवंडांना काय सांगायचं? अशा रीतीनं पहिल्या पानावर अकरा मुलं जमली. पत्रिकेत खाली मुलांच्या नावांची चौकट असते, ‘किलबिल’ म्हणतात तिला, तशीच. फक्त इथे ती वर आली होती.

"अवो, पण लेकरं वरतं अन् मोठे माणसं पुस्तकातच नाई?" शोभाबाई म्हणाली. "लोक काय म्हणतीन?"

आमच्या घरी वांग्याच्या दोन सऱ्यांमधल्या जागेतसुद्धा कोथिंबीर टाकतात. कोरं पान हे आम्हाला पडीक जमिनीसारखं दिसतं. मला वाटलं, एक पानभर वडीलधारी घालून टाकू, म्हणजे विषय मिटेल. सर्वात वर तानबा काका. हे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, वय सत्त्याऐंशी, राहणार समुद्रपूर. एका पत्रिकेत त्यांचं नाव दुसऱ्या क्रमांकावर आलं म्हणून ते त्या लग्नाला आले नव्हते आणि त्या घरच्या बारशालाही गेले नाहीत. त्यांच्या खाली खुशाल, कारण वांगी त्याची. खुशाल आला म्हणून हिंगणघाटचे चुलते. ते आले म्हणून त्यांचे व्याही. मग शोभाबाईचं माहेर. माहेर एकदा सुरू झालं की ते थांबवणारा पुरुष माझ्या पाहण्यात नाही. रोज कोणाचा तरी फोन यायचा: ऐकलं का तुमी पुस्तक काढून राह्यले, आमचं नाव हाय ना जी? नाही म्हणायला जीभ रेटत नसे. ‘विनीत’ दोन पानं झाले, मग ‘स्वागतोत्सुक’, मग ‘निमंत्रक’. कशाचे निमंत्रक, हे कोणी विचारलं नाही. मुलांची चौकट आपसूक सरकत सरकत शेवटच्या पानावर गेली. पत्रिकेत तिची जागा तीच असते, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आचलचं नाव तिच्यात पहिलं होतं, एवढं मी पाहिलं होतं.

चित्रांचं म्हणाल तर धनंजयच्या संगणकात वांगं नव्हतं. सनई होती, कळस होता, केळीचे खांब होते, घोड्यावरचा नवरदेव होता. खुशालनं आपल्या काटेरी वांग्याचा फोटो पाठवला आणि धनंजयनं तो नवरदेवाच्या जागी घोड्यावर बसवला. मुखपृष्ठ तेच. खरं सांगायचं तर संपूर्ण पुस्तकात मला सर्वात आवडलेली गोष्ट ती आहे.

चार जूनला छापखान्यातून बोलावणं आलं. नावांनी जागा खाल्ल्यामुळे माझी आठ पानांची गोष्ट आधीच सहा पानांवर आणलेली होती. गेली ती दोन पानं शेवटाकडची, त्यातच एक आजी वांग्याजवळ बसून त्याला नाव विचारते, मगच ते पाटीत बसायला तयार होतं, आणि हे गाणं येतं:

साऱ्यायनं पुसला भाव, कोनी न पुसे नाव,
नाव घेऊन बोलाव माय, मंग सोडतो गाव.

ती पानं काढताना हे गाणं मी एकदा शेवटचं म्हणून घेतलं. पण वांगं तक्रार करायला येणार नव्हतं, आणि शोभाबाईचे मामा आले असते.

तरीही पानं सतरा भरत होती. "सोळाचा फर्मा आहे, काकाजी," धनंजय म्हणाला. "सतरावं पान मशीन घेत नाई. एक काढा." सतरावं पान म्हणजे किलबिलीचं. तो पुढे म्हणाला, "तसंही ते लग्नाच्या पत्रिकेत असते. हे तं पुस्तक आहे."

विनीत, स्वागतोत्सुक आणि निमंत्रक छापताना हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. ते नेमकं तेव्हा आलं. बाहेर दोन वरबाप आपापल्या पत्रिकांसाठी ताटकळले होते, शाई वाळायला दोन दिवस लागणार होते, आणि दहा तारीख जवळ होती. मी नऊ पानं वरून खाली पाहिली. एकेका नावामागे एकेक रुसवा उभा होता.

मी म्हटलं, "काढून टाका. लेकरं रुसत नाहीत."

हे वाक्य माझं आहे. कोणी माझ्या तोंडात घातलेलं नाही.

प्रकाशन सात जूनला, रविवारी, आंजीच्या मंदिरालगतच्या सभागृहात झालं. क्रमांकाच्या कागदावर ‘शेती’ असल्यामुळे खुशालनं मोठ्या उत्साहानं कृषी खात्यातल्या एका साहेबांना पाहुणे म्हणून आणलं होतं. साहेब भले होते. त्यांनी पुस्तक उघडलं, घोड्यावरचं वांगं बराच वेळ न्याहाळलं, आणि शेंडे पोखरणाऱ्या अळीवर पाऊण तास बोलले. मध्ये एकदा त्यांनी ‘लेखकांनी या विषयाला हात घातला’ असं म्हटलं, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं भाषण लांबलं नाही, कारण मी माईक हातात घेतल्याबरोबर मागच्या रांगेतले दोघं सवयीनं पिशव्या उचलून उभे राहिले.

लोक सहकुटुंब आले होते. येताना आहेर घेऊन आले होते. टॉवेल-टोपी मला, ब्लाउजपीस शोभाबाईला. प्रत्येकानं पुस्तक घेतलं, बोट फिरवत आपलं नाव शोधलं, वरचं नाव कोणाचं आणि खालचं कोणाचं ते पाहिलं, आणि पुस्तक मिटून विचारलं, जेवण कुठी आहे? जेवण होतं. ते नसतं तर मला गाव सोडावं लागलं असतं. वरण-भात, पोळी, बुंदी, आणि आपल्याकडे पंगतीला जी भाजी असते ती, आलू-वांग्याची. वांगी खुशालनं घरची दिली होती.

आचलनं पत्रावळीकडे पाहिलं, मग हातातल्या मुखपृष्ठाकडे. "आबा, हे तेच आहे का?"

मी म्हटलं, नाही, हे त्याच्या नात्यातलं आहे. तिनं भाजीचा द्रोण हळूच बाजूला सरकवला आणि वरण-भात खाल्ला.

जेवून ती कूलरपुढे सतरंजीवर बसली आणि पुस्तक वाचायला लागली. मराठी ती अक्षर अक्षर जोडून वाचते. कोणती पानं गोष्टीची आणि कोणती नात्याची, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. ता-न-बा-जी. मग खु-शा-ल. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा. सभागृहात माझं पुस्तक वाचणारी ती एकटी होती, आणि मी शेजारी बसून अभिमानानं पाहत होतो. मग तिनं वांगं वाचलं. मग मागचं पान उलटून पाहिलं. तिथे माझा फोटो होता.

"माझं नाव नाही," ती म्हणाली.

मी तिला सोळाच्या फर्म्याची पद्धत समजावून सांगितली. कागदाची घडी घालून दाखवली. तिनं सर्व ऐकून घेतलं.

"मशीननं काढलं, की तू?"

स्थानकावर गाडी उशिरा असली, की आम्ही एकच वाक्य पुकारायचो. ड्रायव्हर लग्नाला गेलेला असो की डिझेल संपलेलं असो. ते वाक्य माझ्या तोंडून आपोआप निघालं. मी म्हटलं, "तांत्रिक कारणास्तव."

प्रवासी जशी मान हलवत, तशीच तिनं हलवली. थोड्या वेळानं म्हणाली, "गोष्टीतपण वांग्याला कोणी नाव विचारतच नाही. मग ते पाटीत बसतं कसं?"

मी बुंदी आणायला उठलो.

ती रडली नाही, रुसली नाही. माझं छापखान्यातलं वाक्य खरं ठरलं, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते मला जितकं बरं वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही. जे प्रकाशनाला आले नव्हते त्यांच्या घरी पुस्तकं नेऊन द्यायची होती. घरची रीत अशी, की पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदीकुंकू लावल्याशिवाय ती उंबऱ्याबाहेर जात नाही. पुस्तकाला ही रीत लागू आहे का, यावर चर्चा झाली नाही. शोभाबाईनं वाटीत कुंकू कालवलं आणि ते काम आचलकडे दिलं. दोन दिवस ती माजघरात गठ्ठ्यांपाशी बसून होती. काम इतकं मन लावून, की जेवायला चारदा हाक मारावी लागे. पोरीला आपल्याकडच्या रीती कळायला लागल्या, असं शोभाबाई सुलोचनाबाईंना सांगत होती. दहा तारखेला आम्ही तिला वर्ध्याच्या स्टेशनवर पोचवलं तेव्हा तिची बोटं लालच होती. तिनं एक प्रत बरोबर घेतली, मला खिडकीतून टाटा केला, आणि वांगं परत बदलू नकोस, एवढं सांगितलं.

बारा तारखेला मी पहिला गठ्ठा घेऊन समुद्रपूरच्या एसटीत बसलो. पहिलं घर अर्थातच तानबा काकांचं. ते प्रकाशनाला आले नव्हते. व्हॉट्सॲपवरचं निमंत्रण ते निमंत्रण मानत नाहीत. मी पाया पडलो, गठ्ठ्याची दोरी सोडली, दोन्ही हातांनी पुस्तक दिलं. त्यांनी चष्मा मागवला. पाणी आलं, चहा आला, चष्मा आला. काकांनी मुखपृष्ठावरच्या घोड्याकडे लक्ष दिलं नाही. शीर्षकाचं पान उलटलं आणि विनीतांचं पान उघडलं, आणि त्यांचा अंगठा मधेच थांबला.

"माह्या वरतं हे कोन हाय?"

मी वाकून पाहिलं. ‘विनीत’च्या वर, पत्रिकेत जिथे गणपती असतो त्या जागेत, लाल कुंकवात बोटाएवढ्या जाड अक्षरांत लिहिलं होतं: आचल. मी गठ्ठ्यातली दुसरी प्रत काढली. आचल. तिसरी. तिच्यात ‘च’ जरा लडबडला होता, पण आचलच. खालपर्यंत पाहण्यात अर्थ नव्हता. कोपऱ्यांना मात्र कुठेच काही लावलेलं नव्हतं.

मी म्हटलं, काका, स्वप्निलची पोरगी आहे, सात वर्षांची. हे पुस्तक तिच्यासाठी काढलं. तिनं मागितलं होतं.

काकांनी चष्मा नीट बसवून ते नाव परत वाचलं. मग अंगठा ओला करून एकेक करत नऊ पानं उलटली. दोनशे चौदा नावं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली. वांगं जिथे सुरू होतं तिथे ते थांबले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तिच्यासाठी काढलं," ते म्हणाले, "तं मंग आमची नावं काऊन टाकली बाप्पा?"

आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच, माझ्याकडे तांत्रिक कारण नव्हतं.